पुरळ जातं आणि परत येतं: ट्यूब बदलण्याआधी काय तपासावं

गडहिंग्लज भागात मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मला बरीच वर्षं झाली. जूनमध्ये पाऊस लागला की दिवाळीपर्यंत एकच मागणी सारखी कानावर येते: "मागच्या खेपेची ती खाजेची ट्यूब द्या." माणूस तोच असतो, अंगावरची जागाही तीच असते, चट्टा मात्र मागच्यापेक्षा मोठा झालेला असतो. त्याला वाटतं, औषधात दम राहिला नाही, आता जरा कडक काहीतरी हवं.

कडक औषधाची गरज क्वचितच असते. परत आलेलं पुरळ बहुतेक वेळा मुळात गेलेलंच नसतं. ते ज्यावर पोसलं जातंय ते कारण घरात, कपड्यांत, कामाच्या जागी किंवा त्या ट्यूबमध्येच बसलेलं असतं. ते शोधायच्या पहिल्या काही तपासण्यांना एक पैसा लागत नाही, म्हणून त्या आधी देतोय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. आपले उपाय कुठे थांबवायचे आणि डॉक्टर कधी गाठायचा, हेही त्या त्या ठिकाणी लिहिलंय.

आधी लक्षणं

गोल चट्टा, कड उठलेली, लालसर आणि खवल्यांची, मधला भाग त्यामानाने साफ. जांघेत, कमरेला, काखेत, स्तनांखाली, कुल्ल्यांवर. घाम आला की खाज वाढते. हे गजकर्ण, म्हणजे नायटा. हा बुरशीचा आजार.

रात्री अंथरुणात शिरलं की वाढणारी खाज. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, काखेत, पुरुषांच्या गुप्तांगावर बारीक पुळ्या किंवा गाठी. तान्ह्या बाळांच्या तळहाता-तळपायांवरही. घरात आणखी कोणीतरी खाजवत असतं. ही खरूज. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान किडा कातडीत बीळ करून राहतो, त्याने होते.

अचानक उठणाऱ्या फुगीर लाल गांध्या, एकीकडे मावळतात आणि दुसरीकडे उठतात. आपण याला अंगावर पित्त उठणं म्हणतो.

मान, पाठ, छातीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल दाणे आणि टोचल्यासारखी खाज. घामोळं. थंड पाण्याने अंघोळ, सैल सुती कपडे, वारा आणि हवं तर कॅलामाइन लोशन एवढ्यावर ते काही दिवसांत बसतं. त्याच्यावर पावडरीचा थर चढवू नका, घामाबरोबर तिचा लगदा होतो.

एखाद्या वस्तूच्या आकाराचं पुरळ. घड्याळाच्या पट्ट्याखाली, स्लिपरच्या पट्ट्यांच्या रेषेत, जीन्सच्या बटणामागे बेंबीखाली, कानाच्या पाळीला. हे त्या वस्तूच्या संपर्कातून आलेलं.

सकाळी उठल्यावर मानेवर किंवा चेहऱ्यावर भाजल्यासारखी लांबट रेघ, आग जास्त, खाज कमी. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा, मुंगीसारखा दिसणारा काळा-नारिंगी किडा अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसाने असं होतं. खूण उमटायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून किडा कोणालाच आठवत नाही. तो अंगावर बसलेला दिसला तर चापट मारू नका. फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबणाने धुवा.

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाण्याचे फोड, आणि त्याआधी दोन-चार दिवस त्याच जागी ठणका. ही नागीण.

शेवटचं लक्षण लोक सांगतच नाहीत, कारण ते त्रास देत नाही: फिकट किंवा तांबूस चट्टा, ज्याला खाज नाही, दुखणं नाही आणि जिथे स्पर्श कमी कळतो. त्यावर कुठलंही मलम लावू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोग असेल तर सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्या सरकारकडून फुकट मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो. लवकर गेलात तर हातापायांच्या नसा वाचतात, म्हणून इथे महिनाभर वाट बघणंसुद्धा महाग पडतं.

हे दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, निघा

पुरळाबरोबर ओठ, जीभ किंवा पापण्या सुजल्या, घशात आवळल्यासारखं वाटलं, श्वास लागला, चक्कर आली, तर १०८ ला फोन करा. हे काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं.

ताप आहे आणि अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत, तर पारदर्शक काचेचा पेला ठिपक्यावर दाबून आतून बघा. साधं पुरळ दाबाखाली फिकं पडतं. ठिपका तसाच राहिला तर कातडीखाली रक्त उतरलेलं असू शकतं. डेंग्यूत असं होतं, मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जंतुसंसर्गातही होतं. त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

नवीन गोळ्या सुरू केल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी अंग लाल होऊन कातडी सोलायला लागली, तोंडात आणि डोळ्यांत फोड आले, तर गोळ्या आणि पाकिटं घेऊन मोठ्या रुग्णालयात जा. फिट्सच्या, युरिक ॲसिडच्या, सल्फा गटातल्या काही औषधांनी आणि काही वेदनाशामकांनी क्वचित असं होतं. अशा वेळी एक दिवससुद्धा घरगुती उपायात घालवू नये.

नागीण कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. दुसरीकडे असली तरी ७२ तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू झालं तर त्याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो, पुढे महिनोन्महिने ठणकत राहण्याची शक्यताही कमी होऊ शकते. आमच्याकडे अजून गेरू लावून, मंत्र टाकून घेण्यात हे तीन दिवस जातात. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीतीही खोटी आहे. तो कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो नसेत दडून बसतो आणि वर्षांनी त्या एका नसेच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून पट्टा उमटतो.

लहान मुलाला ताप, खोकला, लाल डोळे आणि कानामागून किंवा चेहऱ्यावरून खाली उतरत जाणारं पुरळ असेल तर गोवर धरून चाला. मुंबईत २०२२ च्या अखेरीस गोवरची मोठी साथ आली होती, त्यामुळे हा जुन्या काळचा आजार असं समजू नका. मुलाला वेगळं ठेवा, आरोग्य केंद्राला कळवा, आणि "देवी आल्यात, औषध द्यायचं नाही" असं घरात कोणी म्हणालं तर त्यांना समजावून सांगा. जीवनसत्त्व अ चा डोस आणि डॉक्टरांची नजर या मुलांना हवीच.

यातलं काही नसेल तर शांतपणे पुढच्या तपासण्या करा.

पहिली तपासणी: पेन आणि घड्याळ

एका चट्ट्याभोवती बॉलपेनने रेघ ओढा, शेजारी वेळ लिहा, मोबाईलवर फोटो काढा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा.

रेघेच्या आतला चट्टा २४ तासांच्या आत नाहीसा झाला आणि दुसरीकडे नवीन उठले, तर ते पित्त. याने एक मोठा खर्च वाचतो, कारण पित्तावर मलमाचा उपयोग नाही. गडबड कातडीतल्या पेशींतून सुटणाऱ्या हिस्टामीन या रसायनाची असते, तिच्यावर सेटिरिझिनसारखी गोळी लागते. फार्मासिस्टला विचारून घ्या आणि ड्रायव्हिंग करत असाल तर तसं सांगा, झोप येऊ शकते. आमसुलाचं पाणी अंगाला लावतात, त्याने गार वाटतं, खुशाल लावा. गांध्या सहा आठवड्यांहून जास्त दिवस उठत राहिल्या तर मात्र डॉक्टरांकडे जायचं.

चट्टा रेघेच्या बाहेर हळूहळू पसरत गेला तर गजकर्णाची शंका धरा. तासातासाने पसरत असेल, गरम लागत असेल, दुखत असेल, तर तो जंतुसंसर्ग. तिथेच थांबून डॉक्टर.

दुसरी तपासणी: घरात आणखी कोण खाजवतंय?

हा प्रश्न विचारला की माणूस बहुतेक वेळा "कोणी नाही" म्हणतो. रात्री घरी जाऊन विचारतो आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो की मुलगी खाजवतेय, आईपण खाजवतेय. लाजेमुळे आणि सवयीमुळे घरात हे बोललं जात नाही.

खरजेच्या बाबतीत यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्यांदा खरूज होणाऱ्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे आज घरात ज्याला काहीच होत नाही, त्याच्या कातडीतही किडा असू शकतो. तुम्ही एकट्याने औषध लावलं, बरे झालात आणि पंधरा दिवसांनी त्याच्याकडून परत घेतलीत. वसतिगृहातून सुट्टीला आलेल्या मुलामुळे सगळं घर खाजवायला लागणं दरवर्षीचं आहे.

म्हणून एकाच रात्री घरातल्या सगळ्यांनी औषध लावायचं, खाज असो वा नसो. परमेथ्रिन ५ टक्के मलम डॉक्टरांनी दिलं असेल तर ते गळ्यापासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, बोटांच्या बेचक्यांत, गुप्तांगावर, कुठलीही जागा न सोडता लावून ८ ते १४ तास ठेवायचं आणि मग अंघोळ करायची. मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅम लागतं. मधे हात धुतले तर हातांना परत लावायचं. आठवड्याने हेच पुन्हा एकदा. जिथे खाज आहे तिथेच बोटभर लावणं हे खरूज परत येण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

दुसऱ्या सकाळी चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, अंगातले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. गोधडी किंवा रजई धुणं शक्य नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, कारण मेलेले किडे कातडीत असतात आणि शरीर त्यांच्यावर चिडलेलं असतं. या काळात घाबरून रोज परमेथ्रिन लावू नका, कातडी कोरडी पडून नवीन खाज सुरू होते. नवीन पुळ्या येत असतील तरच परत डॉक्टरांकडे. गरोदर बाई, दोन महिन्यांखालचं बाळ आणि अंगावर पू झालेलं मूल यांना काहीही लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. खरजेच्या गोळ्या तर कोणीच आपल्या मनाने घेऊ नयेत, गरोदरपणात आणि १५ किलोखालच्या मुलांना त्या एरवी देत नाहीत.

तिसरी तपासणी: नवीन काय, आणि रोजचं काय?

गेल्या पंधरा दिवसांत सुरू केलेली प्रत्येक गोळी आठवा, आयुर्वेदिक धरून. औषधाचं पुरळ सहसा ४ ते १४ दिवसांनी, अंगभर आणि दोन्ही बाजूंना सारखं येतं. अशी शंका असेल तर ज्यांनी औषध दिलं त्यांना त्याच दिवशी फोन करा. रक्तदाबाच्या किंवा फिट्सच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, बदल डॉक्टरच करतील.

मग अंगाला लागणाऱ्या वस्तू. केसांना काळा रंग लावल्यावर एक-दोन दिवसांनी कपाळ, कान, मान खाजली तर रंगातल्या पीपीडी या रसायनाचा संशय घ्या. काळ्या मेंदीतही तेच असतं. ॲलर्जी एकदा झाली की सहसा जन्मभर राहते आणि प्रत्येक वेळी जास्त जोरात येऊ शकते. म्हणून "या वेळी दुसरी कंपनी वापरून बघते" हा मार्ग धोक्याचा आहे. नकली दागिन्यातलं निकेल, टिकलीचा डिंक, स्लिपरचं रबर, हेही नेहमीचे. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडायला लागला असेल तर ताई, आजच टिकली बंद करा आणि कुंकू लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कामाच्या जागेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक वर्षानुवर्षं चुकीच्या ट्यूबा लावत राहतात. आमच्याकडे चंदगड-आजऱ्याच्या बाजूला काजूप्रक्रियेचं काम आहे. काजूच्या टरफलातल्या तेलाने बायकांच्या बोटांची सालं निघतात, चट्टे पडतात. काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले, तिघांचाही चीक कातडीला झोंबतो. बिब्बा तर सांधेदुखीवर मुद्दाम लावून घेतलेला असतो आणि मग त्या जागी फोड आले म्हणून माणूस दुकानात येतो. गवंडीकाम करणाऱ्यांना सिमेंटमधल्या क्रोमेटने हाता-पायांना इसब होतं.

आणि गाजर गवत, ज्याला सगळे काँग्रेस गवत म्हणतात. भारतात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५५ च्या सुमारास पुण्यात. आज बांधावर, रस्त्याकडेला ते नाही अशी जागा सापडत नाही. त्याचे बारीक कण आणि वाळलेला चुरा हवेतून येऊन बसतो, त्यामुळे हात न लावताही त्रास होतो. पापण्या, मान, कोपराचा आणि गुडघ्यामागचा खळगा इथे कातडी जाड, काळपट आणि खाजरी होते. शेतावर गेलं की वाढतं, चार दिवस पाहुण्यांकडे मुंबईला गेलं की कमी होतं. हे असं होतंय का, एवढं बघणं म्हणजेच इथली तपासणी. गवत उपटायचंच असेल तर फुलोऱ्याच्या आधी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून उपटा, आल्याबरोबर अंघोळ करा. ज्याला आधीच त्रास आहे त्याने उपटूच नये, दुसऱ्याला सांगावं.

वस्तूचा संशय असेल तर ती दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवा. त्यापेक्षा कमी दिवसांत निकाल कळत नाही.

चौथी तपासणी: ओल कुठे राहते?

गजकर्णाच्या बुरशीला ऊब, ओल आणि घासणारी कातडी लागते. आपल्या पावसाळ्यात हे तिन्ही फुकट मिळतं. अर्धवट वाळलेली जीन्स सकाळी घाईत चढवणं, दिवसभर रेनकोटच्या पँटमध्ये राहणं, आतले कपडे घरात दोरीवर दमट वाळवणं. कपडे आतली बाजू बाहेर काढून वाळवा, ऊन नसेल तर गरम इस्त्री फिरवा, विशेषतः शिवणीवर. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. अंघोळीनंतर जांघ, काख आणि बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा. ज्याला गजकर्ण आहे त्याचे कपडे घरच्यांच्या कपड्यांत भिजत घालू नका.

कमरेचा करदोटा काढा. हे सांगितल्यावर वडीलधारी माणसं नाराज होतात, ते मी समजू शकतो. पण तो दोरा महिनोन्महिने ओला राहतो, बुरशी त्यात टिकते, आणि कमरेभोवतीचा नायटा बरा होऊन परत त्याच रेषेत उठतो. काळा दोरा, गंडा, कपड्याची राखी, सगळ्यांना हेच लागू. बरं झाल्यावर नवीन बांधा.

लसूण घासणं, रॉकेल लावणं, अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओतणं बंद करा. लसणाने कातडी खरोखर भाजते. मग नायटा कुठला आणि भाजलेलं कुठलं, हे डॉक्टरांनाही ओळखता येत नाही.

पाचवी तपासणी: ट्यूबवरची बारीक अक्षरं

घरातल्या सगळ्या ट्यूबा गोळा करा, शेजाऱ्याने दिलेली आणि भावाने पाठवलेलीसुद्धा. नाव सोडा, घटक वाचा. यात क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही आहे का? "बेटासॉल" आणि शेवटी "सोन" एवढं लक्षात ठेवलं तरी बरीचशी सापडतात. ही स्टिरॉइड्स. क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफिन ही वेगळी, ती बुरशीवरची औषधं आहेत.

बाजारात बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. लावलं की दोन-तीन दिवसांत खाज जाते, लाली जाते, माणूस खूश होतो. मात्र स्टिरॉइडने बुरशी मरत नाही. बुरशीशी लढणारी कातडीची प्रतिक्रिया तेवढी झोपते, आणि धुमसत्या गंजीवर ताडपत्री टाकावी तसं आत सगळं चालू राहतं. ट्यूब संपते, आठवड्याने चट्टा परत उठतो, आधीपेक्षा रुंद, कड पुसट झालेली, कधी एका गोलात दुसरा गोल. मग तीच ट्यूब परत. जांघेतली कातडी पातळ होते, गरोदरपणानंतर पोटावर पडतात तशा रेघा पडतात, आणि त्या कायमच्या राहतात. विशी-बाविशीतली मुलं अशा रेघा घेऊन येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्यांचा मूळ आजार चार-सहा आठवड्यांच्या साध्या, नीट घेतलेल्या उपचाराचा होता.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायच्या १४ स्टिरॉइड्सना चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी केली. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर त्याचा अर्थ हाच. माझ्या व्यवसायातल्या सगळ्यांनी ती पाळली असती तर हा लेख निम्म्याने लहान झाला असता. तुमच्या मेडिकलवाल्याने ही ट्यूब चिठ्ठीशिवाय द्यायला नकार दिला तर तो तुमचं हितच बघतोय.

स्टिरॉइड वाईट औषध नाही. इसबाला, काजूच्या चिकाला, गाजर गवताला डॉक्टर तेच देतात, ठरावीक ताकदीचं, ठरावीक दिवस. नुकसान होतं ते बुरशीवर, चेहऱ्यावर आणि जांघेत मनाने लावल्याने. गोरं होण्याच्या म्हणून मिळणाऱ्या काही क्रीममध्येही मोमेटासोन असतं. ती महिनोन्महिने लावून चेहरा लाल, पुरळलेला आणि उन्हाला न सोसणारा झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

अशी ट्यूब तुम्ही आठवडेच्या आठवडे लावत असाल तर तुमच्यासाठी तपासण्या इथे संपल्या. आता त्वचारोगतज्ज्ञ. ट्यूब थांबवली की सुरुवातीला पुरळ भडकतं, आणि त्या भडक्याला घाबरून माणूस परत तीच लावतो. हा टप्पा डॉक्टरांच्या हाताखाली पार पाडायचा असतो.

सहावी तपासणी: औषध बरोबर आहे, पण पुरेसं लावलं का?

स्टिरॉइड नसलेली बुरशीची ट्यूब असूनही गजकर्ण परत येत असेल तर तीन गोष्टी बघा. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटर लावता का? बुरशी कडेवर असते आणि बाहेर सरकत असते, मधोमध लावून उपयोग नाही. डॉक्टरांनी सांगितलं तितक्या वेळा लावता का? आणि कातडी साफ दिसल्यावर पुढे किमान दोन आठवडे लावता का? खाज गेली तरी बुरशी असते.

मोजमाप असं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून ओढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चार तळहातांएवढं पुरळ असेल आणि दिवसातून दोनदा लावायचं असेल तर रोज दोन ग्रॅम, म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपायला हवी. तीच ट्यूब दोन महिने पुरली असेल तर पुरळ का गेलं नाही, याचं उत्तर मिळालं.

हे सगळं चोख करूनही तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर थांबा. गजकर्णाच्या ज्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं, ती आपल्या देशात पसरलेली आहे आणि तिच्यातल्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिन नीट चालत नाही. कुठली गोळी, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. पोटातून घ्यायच्या बुरशीच्या गोळ्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि त्यातल्या काही हृदयविकाराच्या रुग्णाला चालत नाहीत, म्हणून मित्राच्या चिठ्ठीवर त्या मागू नका.

सातवी तपासणी: जिथे थोडे पैसे लागतात

जांघेत, स्तनांखाली, पुरुषांत लिंगाच्या टोकाला बुरशी वारंवार येत असेल, विशेषतः चाळिशीनंतर, तर रक्तातली साखर तपासा. सरकारी दवाखान्यात हे सहज होतं. मधुमेह कळलाच नसल्यामुळे वर्षभर ट्यूबा लावणारे लोक येतात आणि साखर आटोक्यात आली की पुरळही आवरतं.

दुसरी तपासणी डॉक्टरच करतात: चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. सुई नाही, दुखत नाही, खर्च थोडा. बुरशी आहे की इसब, याचा बराचसा निकाल त्यातून लागतो. आमच्या भागातून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात जाता येतं. एका दिवसाचा रोजगार बुडतो हे खरं आहे, पण वर्षभराच्या ट्यूबांची बेरीज करून बघा.

डॉक्टरांकडे जाताना

आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामी असली तरी, आणि चिठ्ठीशिवाय घेतलेली लपवू नका. पेनाची रेघ ओढून काढलेले फोटो दाखवा. जायच्या दिवशी सकाळी पुरळावर काहीही लावू नका, मलमाच्या थराखालचे खवले खरवडून नीट दिसत नाहीत. कामाची जागा सांगा, घरात कोणाला आहे ते सांगा, गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर ते पहिल्यांदा सांगा. जांघेतलं पुरळ दाखवायला संकोच वाटत असेल तर बाईंनी बाई डॉक्टर कुठल्या दिवशी असतात ते केस पेपर काढतानाच विचारून घ्यावं. आणि निघताना एक विचारा: हे औषध किती दिवस, आणि खाज गेल्यावर पुढे किती दिवस? ते उत्तर चिठ्ठीवरच लिहून घ्या.